जुन्या पणजीचा पुनर्विकास: घरे उभी आहेत, राहणारी माणसे कशी परतणार?

चिरेबंदी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पणजीच्या मध्यवर्ती भागाविषयी गेली काही वर्षे जी चर्चा चालते ती बहुतेक वेळा खोदलेले रस्ते, धूळ आणि पार्किंग यांपाशी येऊन थांबते. २०१६ मध्ये शहराची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली, त्यानंतर मलनिस्सारण वाहिन्या, गटारे, पदपथ आणि रस्ते यांवर मोठे काम निघाले आणि त्या कामाच्या धुळीचा प्रश्न २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला, हे सर्वांना ठाऊक आहे. मला विचारायचे आहे ते त्याच्या पुढचे. रस्ता नवा झाला, पण त्या रस्त्यावरच्या घरांचे काय? मळा, फोंताईन्हास, सां तोमे या जुन्या वस्त्या, चर्च चौकामागच्या गल्ल्या आणि १८ जून मार्गाच्या आतल्या बाजूची दुमजली घरे यांतील कितीतरी घरांना आज कुलूप आहे, आणि त्याच वेळी शहर कदंब पठारावर, ताळगावात, मेरशीत आणि पर्वरीत पसरत चालले आहे. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत चाळीस हजारांच्या आसपास लोक होते, तर भोवतालचा नागरी पट्टा धरला की हाच आकडा एक लाख चौदा हजारांवर जातो. म्हणजे स्वतःला पणजीकर म्हणवणारे बहुतेक लोक पणजीबाहेर राहतात.

विचारण्याचे कारण घरचेच आहे. मळ्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. आजोबांच्या पश्चात वाटणी झाली नाही, त्यामुळे आता हिस्सेदार गोवा, मुंबई, पुणे आणि कॅनडा असे विखुरलेले आहेत. तळमजल्यावर एक दुकान जुन्या भाड्याने आहे, वरचा मजला रिकामा आहे. दर्शनी भिंत तशीच ठेवून मागे पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या, असा प्रस्ताव एका विकासकाने दिला आहे. घरातल्या तरुण मंडळींना तो पटतो, माझ्या काकांना अजिबात पटत नाही, आणि मला दोन्ही बाजूंचे म्हणणे कळते. अशा घरांचे काय करणे योग्य आहे, आणि मध्यवर्ती भागात पुन्हा माणसे राहायला यावीत यासाठी खरे तर काय व्हायला हवे, या दोन्ही प्रश्नांवर अनुभवी लोकांचे मत हवे आहे.

पर्वरीकर

माझे मत स्पष्ट आहे आणि ते अनेकांना आवडणार नाही. मध्यवर्ती पणजीत उंच इमारतींना मोकळेपणाने परवानगी द्यायला हवी. मी रोज पर्वरीहून मांडवी पूल ओलांडून पाटोवर कामाला जातो. लग्न झाल्यावर आम्ही पणजीतच घर शोधत होतो, पण दोन पगारांतही परवडेल असे काही मिळाले नाही, म्हणून पलीकडे गेलो. २०१९ मध्ये मांडवीवरचा अटल सेतू झाल्यावर लांबच्या पल्ल्याची वाहने शहरावरून निघून जातात हे खरे, पण पर्वरीहून पणजीत येणारा माणूस अजूनही त्याच रांगेत उभा असतो. शहराच्या मधोमध जागा असताना ती दोन मजल्यांवर अडवून ठेवायची आणि हजारो लोकांना रोज पुलावर उभे करायचे, यात वारसा जपला जातो असे मला वाटत नाही. मुंबईत, मंगळुरूमध्ये, कोचीत जुन्या भागांत मजले वाढले. पणजीने तसे का करू नये?

अबोली

पर्वरीकर, तुमचा त्रास खरा आहे, पण मजले वाढवण्याआधी जमिनीवर काय चालले आहे ते पाहायला हवे. आमचे कापडाचे दुकान १८ जून मार्गाच्या पट्ट्यात आहे. काम चालू होते तेव्हा दुकानासमोर खोल चर होता आणि त्यावर एक लाकडी फळी टाकलेली होती. वयस्कर गिऱ्हाईक त्या फळीपाशी येऊन थांबायचे, आत डोकवायचे आणि परत फिरायचे. तो हंगाम बुडाला, तो कसाबसा निभावून नेला. खरी अडचण नंतर समजली. नवा रस्ता जुन्यापेक्षा उंच झाला आणि आमचा उंबरठा त्याच्या खाली गेला. पूर्वी मोठ्या पावसात पाणी पायरीपर्यंत येत असे, आता ते आत येते. आम्ही दारात विटांचा बुटका बांध घातला आहे आणि खालच्या फळ्यांवर माल ठेवणे बंद केले आहे. संबंधित यंत्रणेकडे अर्ज दिला, पाहणी झाली, पुढे काही झाले नाही. नवा रस्ता आखताना दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या उंबरठ्यांची पातळी कोणी मोजली होती का, हा माझा साधा प्रश्न आहे.

भरतीओहोटी

अबोलीताईंच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, कारण नोकरीची बरीच वर्षे पाण्याच्या कामात गेली आहेत.

पणजीचा मधला भाग मुळात दलदल, वाळूचे उंचवटे आणि नारळीच्या बागा यांवर उभा आहे. जुने गोवे रोगराईने ओस पडत गेले, व्हाइसरॉयने १७५९ मध्ये आपले निवासस्थान पणजीतील आदिलशाही राजवाड्यात हलवले आणि पुढे १८२७ ते १८३५ या काळात गव्हर्नर असलेल्या दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रू यांनी वाळूचे उंचवटे सपाट करून, पाणथळ जागा भरून आजचे सरळ रस्ते आखले. १८४३ मध्ये हे शहर अधिकृत राजधानी झाले. म्हणजे ज्या जमिनीवर आपण आज मजले चढवण्याची चर्चा करतो ती एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला ओरें खाडी आणि तिसऱ्या बाजूला सांतिनेजची खाडी अशा पाण्याच्या कुशीतली भर आहे. थोडे खणले की पाणी लागते. स्मार्ट सिटीच्या कामात वाहिन्यांसाठी खोल चर खणले गेले तेव्हा भरलेली माती खचली आणि मालवाहू गाड्या रस्त्यात रुतल्या, त्यामागे हेही कारण होते.

पावसाचे पाणी जुन्या गटारांतून नदीकडे आणि खाड्यांकडे जाते. ओहोटी असेल तर ते सहज उतरते. भरती असेल तर गटाराचे तोंडच पाण्याखाली असते आणि पाणी उतरत नाही, उलट नदीच आत शिरू पाहते. पणजीत वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो, त्यामुळे मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी येण्याचे प्रसंग दर पावसाळ्यात येतातच. त्या दोन-तीन तासांत १८ जून मार्ग तुंबतो. ओहोटी लागली की पाणी कोणी काही न करता निघून जाते, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी त्या विषयाची निकड कोणालाच वाटत नाही.

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत, सोडवला होता. बांधात मानस असे. तिला लाकडी दारे असत, ती अशा बेताने टांगलेली की भरतीचे पाणी बाहेरून रेटले की दारे आपोआप मिटत, आणि ओहोटीला आतल्या पाण्याचा दाब जास्त झाला की ती उघडत. पण दार मिटलेले असताना आतले पाणी साठायला आतच मोकळी जागा लागे, आणि ती जागा म्हणजे शेत, पोय (बांधाच्या आतला डोह) आणि तळे. शहराने दारे ठेवली, काही ठिकाणी पंपही बसवले, पण साठवणीची जागा बांधून टाकली. ताळगावची शेते, मळ्याचे तळे, मेरशीकडची खाजने ही मध्यवर्ती पणजीची साठवण आहे. ती गेली तर पदपथ कितीही देखणे केले तरी अबोलीताईंच्या दुकानात पाणी येतच राहील.

सांतिनेज

काका, फार मोलाचे लिहिलेत. त्यात आमच्या खाडीची भर घालते. ताळगावकडून येणारे पाणी घेऊन ती सांतिनेजमधून जाते आणि कांपालजवळ मांडवीला मिळते. माझे वडील लहानपणी या खाडीत होड्या येताना पाहिल्याचे सांगत. आज काठावरच्या घरांचे आणि इमारतींचे सांडपाणी काही ठिकाणी थेट तिच्यात उतरते, आणि उन्हाळ्यात खिडकी उघडता येत नाही. खाडीच्या सुधारणेची कामे अनेकदा जाहीर झाली. काठाला भिंत बांधली, गाळ काढला, वर चालण्याचा मार्ग केला, तरी आत येणारे सांडपाणी थांबेपर्यंत त्या सगळ्याचा उपयोग नाही. पर्वरीकर म्हणतात तसे मजले वाढवायचे असतील तर आधी मलनिस्सारणाची प्रत्येक जोडणी पूर्ण झाली पाहिजे, नाहीतर वाढलेल्या प्रत्येक मजल्याचे पाणी आमच्या खिडकीखालूनच जाणार.

गिरगाव नाका

पर्वरीकरांनी मुंबईचे उदाहरण दिले म्हणून लिहितो. आम्ही त्या प्रक्रियेतून गेलो आहोत. भाडे नियंत्रणामुळे चाळींची दुरुस्ती थांबली, चाळी मोडकळीस आल्या आणि मग १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) खाली पुनर्विकास सुरू झाला. भाडेकरूंना मालकी हक्काचे घर मिळाले, ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिला मी कमी लेखणार नाही, कारण माझ्या आईला आयुष्यात प्रथमच घरात स्वतःचे न्हाणीघर मिळाले. परंतु इमारत उभी राहिल्यावर देखभालीचा मासिक खर्च इतका झाला की निवृत्तिवेतनावर जगणारी कित्येक कुटुंबे काही वर्षांतच घर विकून विरार, बदलापूरकडे गेली. खाली चार-पाच मजले पार्किंगचे, त्यावर घरे, अशी रचना झाल्यामुळे रस्त्याकडे बघणारी खिडकीच उरली नाही. दुकानांची रांग गेली, गल्लीतला गणपती पार्किंगच्या मजल्यांवरच्या पोडियमवर गेला. मजले वाढले म्हणजे मूळची माणसे टिकतात हे गृहीत धरू नका.

पर्वरीकर

गिरगाव नाका, तुमच्या आईंना न्हाणीघर मिळाले हाच माझा मुद्दा आहे. नुसती भिंत जपून माणसाला सुख मिळत नाही. सांतिनेज यांचे म्हणणे मात्र मला पूर्ण मान्य आहे. जोडणी आधी, मजला नंतर.

कदंब पठार

मी कदंब पठारावरच्या एका मोठ्या संकुलात राहते. जागा ऐसपैस आहे, वारा भरपूर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दूध आणायलाही गाडी काढावी लागते, मुलांना शाळेत सोडायला गाडी, आईला मळ्यातल्या मारुतीच्या जत्रेला न्यायचे तरी गाडी आणि मग ती लावायला जागा शोधत अर्धा तास. शिवाय आमच्या इमारतीत संध्याकाळी मोजक्याच खिडक्यांत दिवे दिसतात, कारण बरीच घरे बाहेरच्या लोकांनी सुट्टीसाठी किंवा गुंतवणूक म्हणून घेतली आहेत. नुसती घरांची संख्या वाढवल्याने पर्वरीकरांसारख्यांना परवडणारे घर मिळेल असे म्हणूनच वाटत नाही. इकडे पठारावर बंद घरे आहेत आणि तिकडे मळ्यातही बंद घरे आहेत, आणि मधल्या रस्त्यावर आम्ही सगळे गाडीत बसलेलो आहोत.

राम आळी

रत्नागिरीचा अनुभव थोडक्यात सांगतो. आमचे जुने शहर बंदराकडून वर आले. राम आळी, गोखले नाका ही बाजारपेठ अजून चालते, पण राहणारे लोक मारुती मंदिर, साळवी स्टॉप आणि पुढे महामार्गाकडे कुवारबावपर्यंत सरकले. आळीतल्या दुकानांच्या वरचे मजले एकेकाळी कुटुंबांचे होते, आता तिथे खोक्यांचे गुदाम आहे. दुकान आठ वाजता बंद झाले की आळीत अंधार असतो. पणजीत वेगळे काही घडते आहे असे दिसत नाही. फरक इतकाच की आमच्याकडे पर्यटक आळीत फोटो काढायला येत नाहीत.

फोंताईन्हासची लेक

ते येत नाहीत हे तुमचे भाग्य समजा, राम आळी. आमच्या दारात रोज सकाळपासून लोक उभे राहतात, बल्कांवच्या (दारापुढच्या बसायच्या ओट्याच्या) पायऱ्यांवर बसून कपडे बदलून फोटो काढतात, आणि दार उघडले तर आम्हीच त्यांच्या चौकटीत आल्याबद्दल त्यांना राग येतो. माझ्या आजीला दुपारी झोप लागत नाही. शेजारच्या गल्लीतली तीन घरे गेल्या काही वर्षांत खानावळी आणि राहण्याच्या खोल्या झाली. त्यांतून काही घरे निदान दुरुस्त झाली हे मान्य करते, एका घराचे छप्पर तर कोसळण्याच्या बेतात होते. पण तिथे आता शेजारी नाही. रात्री आजीला बरे वाटेनासे झाले तर ज्या दारावर थाप मारायची त्या दारामागे दर दोन दिवसांनी नवा माणूस असतो.

चिरेबंदी, तुम्ही ज्या प्रस्तावाचा विचार करत आहात तो स्वीकारण्यापूर्वी तुमच्या शेजाऱ्यांशी एकदा बोलावे अशी विनंती आहे.

लिस्बनवासी

या धाग्यावर लिहिण्याचा मोह आवरत नाही, कारण इथे लिस्बनमध्ये मी हेच सगळे पुढच्या टप्प्यावर पाहतो आहे. लिस्बन आणि पोर्तू या शहरांत १९४८ पासून भाडी गोठवलेली होती. मालकांना दुरुस्ती परवडेना, शहराचा मध्यभाग जीर्ण होत गेला आणि तरुण उपनगरांत गेले. २०१२ मध्ये भाड्याचा कायदा सैल केला. इमारती भराभर दुरुस्त झाल्या, टाइल्स चकचकीत झाल्या, आणि आल्फामा, मोरारीयासारख्या जुन्या वस्त्यांत पर्यटकांच्या अल्पमुदतीच्या खोल्या इतक्या वाढल्या की जुन्या रहिवाशांना जागाच उरली नाही. २०१८ मध्ये कायदा बदलून नगरपालिकांना अशा खोल्यांवर क्षेत्रवार मर्यादा घालण्याचा अधिकार द्यावा लागला आणि लिस्बनने अनेक जुन्या वस्त्यांत नव्या नोंदणी थांबवल्या. तोवर बरीच माणसे गेली होती. पणजीत भाडे कायदा सुधारायचाच असेल तर पर्यटक खोल्यांवरची मर्यादा त्याच्या बरोबरीने यायला हवी. इथे ती सहा वर्षांनी आली.

नकाशा

मी वास्तुरचनाकार आहे आणि जुन्या घरांची कामे करतो. वारसा आणि सोय यांत एकच काही निवडावे लागते असा सूर वर दोन-तीन प्रतिसादांत आला आहे, तो मला मान्य नाही.

मळ्यातले साधारण घर चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, असते. चिरे मातीत किंवा चुन्यात बसवलेले, वर चुन्याचा गिलावा, लाकडी वासे आणि नळे (अर्धगोल कौले), मध्ये कधी राजांगण म्हणजे आतले मोकळे अंगण, आणि काही घरांत अजूनही शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या. पोर्तुगीज काळात पावसाळा संपला की घर रंगवावेच लागे असे जुनी मंडळी सांगतात, आणि त्यामागे व्यवहार होता: दरवर्षी चुना लागला की भिंतीची फट त्याच वर्षी बुजते. चिरा ओल शोषतो आणि ती सोडतोही. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याला फुगे येतात आणि तो ठोकून काढला की मागे चिऱ्याचा भुगा हातात येतो. घर जुने म्हणून पडायला आले आहे असे मालकाला सांगितले जाते, पण मी पाहिलेल्या कित्येक घरांत नुकसान अलीकडच्या सिमेंटने केलेले होते.

फोंताईन्हास संवर्धन क्षेत्रात आहे आणि तिथे दर्शनी भागात बदल करायचा तर संवर्धन समितीची मान्यता लागते. ती अट योग्य आहे. मात्र आतील भागात स्वच्छतागृह, स्वयंपाकघर, वरच्या मजल्यासाठी स्वतंत्र जिना अशा बदलांना लवकर मान्यता मिळाली तर एका घरात दोन किंवा तीन कुटुंबे व्यवस्थित राहू शकतात. पर्वरीकर, तुम्हाला हवे ते घर वीस मजल्यांवरच मिळेल असे नाही. रिकाम्या वरच्या मजल्यांवर ते मिळू शकते, मजबूत जिना आणि स्वच्छतागृह एवढीच त्याची गरज आहे. जिथे जुने घर नाही, जिथे १९७० नंतरच्या काँक्रीटच्या इमारती खरोखरच मोडकळीस आल्या आहेत, तिथे पाण्याचा हिशेब करून दोन-चार मजले वाढवायला माझीही हरकत नाही.

पर्वरीकर

नकाशा, वरच्या मजल्यांचा मुद्दा मी असा मांडलेला कधी ऐकला नव्हता. पण मालक भाड्याने देतील का? माझ्या ओळखीच्या सर्वांना भीती एकच आहे, की एकदा भाडेकरू आला तर तो पिढ्यान्‌पिढ्या जात नाही.

अबोली

ती भीती आमच्याही मालकांना आहे, आणि आम्ही त्यांचे जुने भाडेकरू आहोत. १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे आमचे भाडे आजच्या दराच्या जवळपासही नाही हे मी लपवणार नाही. मालकाने छप्पर दुरुस्त करावे असे त्या भाड्यात आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार? शेवटी आम्हीच दोन वेळा नळे बदलून घेतले. भाडे टप्प्याटप्प्याने वाढवावे आणि त्या बदल्यात दुरुस्तीची लेखी हमी मिळावी, असे कोणी सुचवले तर आमच्यासारखे अनेक दुकानदार तयार होतील. आम्हाला जागा हवी आहे, फुकट नको आहे.

दिवाडी

शहराचा मधला भाग रिकामा होण्यामागचे एक मोठे कारण अजून कोणी लिहिलेले नाही. एकेक करून कचेऱ्या बाहेर गेल्या. १८४२ मध्ये सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय कांपालहून बांबोळीला गेले. २००० मध्ये विधानसभा आदिलशाही राजवाड्यातून पर्वरीला गेली. २०२१ मध्ये उच्च न्यायालयही पर्वरीला गेले. या प्रत्येक स्थलांतराला जागेची अडचण हे रास्त कारण होते, पण प्रत्येकाबरोबर टंकलेखक, वकिलांच्या खोल्या, दुपारच्या जेवणाच्या खानावळी आणि जवळ राहणारे कारकून गेले. जुन्या गोमेकॉच्या, म्हणजे त्याच वैद्यकीय महाविद्यालयाच्या, इमारतीत २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आला, २०१६ पासून डिसेंबरात कलामहोत्सव होतो, आणि ते दिवस खरोखर सुंदर असतात. मी दिवाडीहून फेरीने येऊन ते पाहतो. पण उरलेले अकरा महिने राजवाड्यासमोरच्या पदपथावर संध्याकाळी कॅसिनोच्या धक्क्याकडे जाणारी माणसेच दिसतात. त्या भल्या मोठ्या सरकारी इमारतींचा थोडा भाग कर्मचाऱ्यांच्या, परिचारिकांच्या किंवा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी दिला, तर खाजगी घरांचे प्रश्न सुटेपर्यंतही मध्यभागी रोजची वर्दळ परत येऊ शकते.

कदंब पठार

दिवाडी, हे फार पटले. परिचारिकांच्या वसतिगृहाला बांबोळीपर्यंत बस मात्र हवी. कदंब परिवहन महामंडळाच्या विजेवरच्या बस शहरात धावू लागल्या हे चांगले झाले, पण रात्री नऊनंतर त्या मिळाल्या तरच लोक गाडी घरी ठेवतील.

सही शिक्का

मूळ प्रश्न चिरेबंदींच्या घराचा होता, त्याकडे परत येतो. वकिली करतो, त्यामुळे सर्वसाधारण माहिती देतो. कागदपत्रे पाहिल्याशिवाय हा सल्ला समजू नये.

गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतून आलेल्या कौटुंबिक कायद्यानुसार, लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नी एकमेकांच्या मालमत्तेत समान सहमालक असतात, आणि मुलगा असो वा मुलगी, सर्व अपत्यांचा वारसा सारखा असतो. तत्त्व म्हणून ही फार न्याय्य व्यवस्था आहे. व्यवहारात तिचा परिणाम असा की दोन पिढ्या वाटणी झाली नाही तर हिस्सेदारांबरोबर त्यांच्या जोडीदारांच्याही सह्या लागतात. कॅनडातल्या एका चुलत सुनेची सही मिळत नाही म्हणून मळ्यातले छप्पर गळत राहते, अशी प्रकरणे मी पाहिली आहेत. बंद घरांमागे अनास्था असते त्याहून अधिक वेळा ही गुंतागुंत असते.

यावरचा मार्ग म्हणजे इन्व्हेंटरी. गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्यात त्याची तरतूद आहे. न्यायालयात सर्व वारसांची आणि मालमत्तेची यादी दाखल होते, हिस्से ठरतात, आणि घराचे तुकडे करणे शक्य नसेल तर वारसांमध्येच आपापसात बोली लागते. ज्याची बोली सर्वांत मोठी त्याला घर मिळते आणि तो इतरांना त्यांच्या हिश्शाची रक्कम देतो. म्हणजे ज्याला घर राखायचे आहे त्याला ते बाहेरच्या माणसाला न विकता राखण्याची संधी मिळते. चिरेबंदी, विकासकाला होकार किंवा नकार देण्याच्या आधी हे करून घ्या. वाटणी न झालेल्या घराचा सौदा नेहमी पडेल भावाने होतो, आणि विकासकाला हे चांगले माहीत असते. तळमजल्याच्या दुकानदाराचा हक्क मालक बदलला तरी कायम राहील, तेव्हा त्यांनाही आताच विश्वासात घ्यावे.

भरतीओहोटी

सही शिक्का यांच्या सल्ल्याला एक जोड. मागच्या अंगणात विहीर असेल तर ती बुजवू देऊ नका, कोणीही आराखडा आणला तरी. मळ्यात पावसाचे पाणी जिरायला आणि साठायला मिळेल ती प्रत्येक जागा हवी आहे. विकासकाच्या आराखड्यात तळघर असेल तर तिथे वर्षभर पंप चालवावा लागेल, हेही हिशेबात धरा.

चिरेबंदी

सर्वांचे मनापासून आभार. विहीर आहे, आणि तिला उन्हाळ्यातही पाणी असते.

काल रात्री आम्ही सर्व हिस्सेदार फोनवर एकत्र बोललो. हा धागा मी आधीच सर्वांना पाठवला होता. विकासकाला तूर्त नकार कळवायचा आणि इन्व्हेंटरी दाखल करायची यावर काकांसह सर्वांचे एकमत झाले. पुण्याची चुलत बहीण आणि मी मिळून बोली लावण्याचा विचार करत आहोत. घर आमच्याकडे आले तर वरच्या मजल्याचे दोन भाग करून एकात आम्ही राहायचे आणि दुसरा भाग नोकरी करणाऱ्या एखाद्या कुटुंबाला लेखी कराराने द्यायचा असा बेत आहे. पर्वरीकर, तेव्हा तुम्ही अजून घर शोधत असाल तर अवश्य कळवा. दुकानदारांशी अबोलीताईंनी सुचवलेल्या धर्तीवर, म्हणजे भाडे टप्प्याटप्प्याने आणि दुरुस्तीची लेखी हमी, असे बोलणार आहोत.

नकाशा, पाठीमागच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आहे आणि तो फुगला आहे. तो आताच काढून घ्यावा का?

नकाशा

पाऊस तोंडावर असताना काढू नका, उघड्या चिऱ्यावर पाणी बसेल. तूर्त छपराचे नळे चाळून घ्या आणि पन्हळ साफ करा, म्हणजे भिंतीवर येणारे पाणी निम्म्याने कमी होईल. ऑक्टोबरनंतर गिलावा काढा आणि भिंत महिनाभर तरी उघडी ठेवून वाळू द्या, मगच चुना लावा. चुन्याचे काम करणारे गवंडी थोडे उरले आहेत आणि पावसाळा संपताच त्यांची कामे भरतात, म्हणून त्यांना आतापासूनच सांगून ठेवावे लागेल. व्यक्तिगत निरोप पाठवा, मी दोघांशी गाठ घालून देतो.

पर्वरीकर

चिरेबंदी, कळवतो. बायकोला धागा वाचायला दिला आहे.